खार्किवमध्ये भरलेली ओटी

टीव्हीवर खार्किव दिसलं की मी स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, बघा बघा, इथे आपण आइस्क्रीम खाल्लं होतं!" पडद्यावर हेल्मेट घातलेला बातमीदार उभा असतो, त्याच्यामागे खिडक्या नसलेली इमारत असते, आणि मी तिच्या कोपऱ्यावरचं आइस्क्रीमचं दुकान शोधत असते. आमचे हे म्हणतात, "इथे नाही, पुढच्या चौकात होतं." मग आमची जुंपते. तिकडे माणसं मरताहेत आणि ही दोघं आइस्क्रीमवरून भांडताहेत, असं ऐकणाऱ्याला वाटत असेल. वाटू दे. ज्या शहरात मी पोट दुखेपर्यंत हसले, ते शहर नुसता ढिगारा म्हणून बघायला मी तयार नाही.

आम्ही देवासचे. यांचे पणजोबा संस्थानच्या चाकरीत इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं ते गेलंच. हे गिअरच्या कारखान्यातून रिटायर झाले. मी सरकारी शाळेत भूगोल शिकवला, तोही हिंदीतून. नोकरीची पहिली वर्षं डहीला, भिल्लांच्या भागात काढली. तिथल्या मुलांची भिल्ली मला कळत नव्हती आणि माझी हिंदी त्यांना, त्यामुळे परक्या भाषेत अडकायची मला सवय होती. हाटपिपल्याला आमची थोडी शेती आहे. ती दुसरे कसतात, हे बांधावर उभे राहून सल्ले देतात. आमची लेक डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली तेव्हा गल्लीत सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. थंडी फार, मुलगी एकटी, तिथे खाणार काय? लढाईची भीती मात्र कोणी घातली नव्हती.

कोरोनाच्या आधीच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "आई, तुम्ही दोघं येऊन जा ना इकडे. मी आहे तोपर्यंत फिरून घ्या, नंतर कोण येतं?"

जायच्या आधी आम्ही धारला सासूबाईंच्या पाया पडायला गेलो. त्या माझ्या धाकट्या दिरांकडे असतात. त्यांनी माझ्या हातात एक पिशवी ठेवली. तिच्यात नारळ, महेश्वरी खण, हळदीकुंकवाचा करंडा आणि हाटपिपल्याचे गहू होते. आम्हा माळव्यातल्या मराठी लोकांकडे ओटी गव्हाची भरतात, पुण्याकडचे पाहुणे त्यावर नाक मुरडतात.

"पोर ज्या घरात राहते, त्या घरच्या सवाष्णीची ओटी भरल्यावाचून परत यायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "परमुलखात तिने आपल्या पोरीला सांभाळलंन्, विसरू नकोस."

सासूबाईंनी स्वतः मात्र सासरे गेल्यापासून ओटी घेतलेली नव्हती. घरात हळदीकुंकू असलं की त्या आतल्या खोलीत बसून हुकूम सोडायच्या. हिला खण दिलात का, तिच्या डाळीत मीठ कमी का, सगळं तिथून. आम्ही सुनांनी एकदा धीर करून म्हटलं, आता हे कोण पाळतं, तुम्हीही बाहेर येऊन बसा. "मला शिकवू नका," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर कोणाची छाती झाली नाही.

परदेशात गहू नेता येतात की नाही, हे आम्ही कोणाला विचारलं नाही. विचारलं की नाहीच म्हणतात. पिशवी मोठ्या बॅगेत साड्यांच्या तळाशी गेली, तिच्या वर शेवेची पाकिटं.

लेक एका बाईच्या घरात खोली घेऊन राहत होती. आम्ही आपसात त्या बाईला मालकीणबाई म्हणायचो. उंच, धिप्पाड, ओठांना लालभडक लिपस्टिक, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचं कुत्रं गप्प व्हायचं. तिने आयुष्यभर ट्राम चालवली होती. आता ती रिटायर झाली होती, पण ट्रामवरचा हक्क तिने सोडला नव्हता. आम्हाला घेऊन ती ट्राममध्ये चढली की थेट ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची आणि त्याला सूचना द्यायची. ब्रेक उशिरा लावलास. वळणावर घाई करू नकोस. ड्रायव्हर मान डोलवायचे. एकाने तर उतरताना तिला सलाम ठोकला. आमचे हे हाटपिपल्याच्या बांधावर हेच करतात, त्यामुळे दोघांचं भाषेवाचून जमलं.

काय शहर होतं ते! रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, संध्याकाळ संपता संपत नव्हती. म्हाताऱ्या बाया फुटपाथवर स्ट्रॉबेरी आणि शेपूच्या जुड्या घेऊन बसायच्या. हो, शेपू! मला शेपू आवडत नाही आणि त्या देशात शेपूवाचून पान हलत नाही. उकडलेल्या बटाट्यावर शेपू, बिटाच्या सारावर शेपू, दह्यात शेपू. पहिल्या दिवशी मी मुकाट खाल्लं. दुसऱ्या दिवशी यांनी शेवेचं पाकीट फोडलं आणि बिटाच्या सारावर मूठभर शेव टाकली. मालकीणबाईने डोळे वटारले, यांच्या ताटातला एक चमचा उचलून चाखला, आणि मग पाकीटच स्वतःकडे ओढलं. आम्ही असेपर्यंत ती शेव प्रत्येक पदार्थावर टाकत होती. चहात टाकायची तेवढी राहिली.

एका बागेत रोपवे होता. देवासच्या टेकडीवर माताजीच्या दर्शनाला रोपवेने जाऊ म्हटलं की हे सांगतात, पायऱ्या चढण्यात पुण्य आहे. खरं म्हणजे घाबरतात. तिथे मालकीणबाईने त्यांना दंडाला धरून पाळण्यात बसवलं आणि वरचा दांडा खाली ओढला. मी आणि लेक मागच्या पाळण्यात होतो. पुढे यांनी डोळे मिटून रामरक्षा म्हणायला घेतली होती, आणि ती बाई त्यांच्या पाठीवर थापा मारत मोठ्याने गात होती. त्या दिवशी मी किती हसले ते सांगता येत नाही.

मग आम्ही रेल्वेने ओदेसाला समुद्र बघायला गेलो. मालकीणबाईही आली, आम्हाला कोणी फसवेल म्हणून. डब्यावरची रेल्वेची बाई चहा द्यायची तो काचेच्या ग्लासात, आणि ग्लासाला धातूची नक्षीदार कडी. खिडकीतून मैलोन्‌मैल गहू आणि सूर्यफुलं जात होती, आणि नांगरून ठेवलेल्या शेतांमधली माती काळीभोर. मी वर्गात वर्षानुवर्षं "यूक्रेन का चर्नोज़म" शिकवलं होतं, मुलांकडून घोकून घेतलं होतं. ते डोळ्यांनी दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. मी खिडकीला नाक लावून बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीला वाटलं, चहा गरम लागला.

परत आल्यावर मालकीणबाईने आम्हाला शहराबाहेरच्या तिच्या जमिनीच्या तुकड्यावर नेलं. तिथे एक लाकडी खोली, बटाटे, टोमॅटो, चेरीची झाडं. यांनी गुडघे टेकून मूठभर माती उचलली, चोळली, हुंगली.

"अगं, ही तर आपल्या हाटपिपल्याची मिट्टी आहे, एकदम सेम!"

"सेम नाही," मी म्हटलं. "आपली लाव्हाच्या खडकाची आहे, ही गवत कुजून झालेली."

"तू भूगोल राहू दे. हात लावून बघ."

मी हात लावून बघितला. बोटांना फरक कळला नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

निघायच्या दिवशी मी पिशवी काढली. घराच्या आतल्या बाजूला खुंटीवर एका पुरुषाचं जाकीट होतं, कोपऱ्यात मासे पकडायच्या काठ्या होत्या, आणि बाईच्या बोटात लग्नाची अंगठी होती. नवरा मासेमारीला जातो किंवा कामावर बाहेरगावी असतो, असं आम्ही धरून चाललो होतो. मी तिला खुर्चीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं. तिला पदर कुठला, म्हणून तिने एप्रन पसरला. मी नारळ, खण ठेवून ओंजळीने गहू घातले. ती नारळाकडे बघून खळखळून हसली आणि एप्रनची टोकं घट्ट धरून बसली.

आता आमच्यात अशी रीत आहे की ओटी घेणारीने तिच्यातले चार दाणे देणारीला परत द्यायचे. देणाऱ्याचं घर रिकामं होऊ नये म्हणून. ते तिला काय माहीत? मी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग मीच तिच्या एप्रनमधून चिमूटभर गहू काढून घेतले.

तिने चमकून लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "आई, ती विचारते आहे की जास्त पडून गेले का?"

मी रीत सांगितली. लेकीने ती तिथल्या भाषेत सांगितली. मालकीणबाईने फार गंभीरपणे ऐकून घेतलं, आणि मग मला असं कवटाळलं की माझ्या बरगड्या दुखल्या. तिची लिपस्टिक माझ्या गालाला लागली ती विमानासाठी किव्हला पोचेपर्यंत तशीच होती.

किव्हला जाणाऱ्या गाडीत मी सहज म्हटलं, "तिच्या नवऱ्याची भेट नाही झाली शेवटपर्यंत."

"आई, तो तर केव्हाच वारला," लेक म्हणाली. "अंगठी डाव्या हातात होती ना तिची? इकडे नवरा गेला की बाया अंगठी डाव्या हातात घालतात. मी बोलली नव्हती का?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. लेकीला काही कळेना. तिचा दोष नव्हता. हिंदी शाळेत शिकलेली पोर, ओटी कोणाची भरतात नि कोणाची नाही, हे तिला कोण सांगणार? उजव्या-डाव्या हाताचं आम्हाला कोण सांगणार? हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "धारला सांगू नको."

"मी कशाला सांगू?"

धारला सासूबाईंनी विचारलं, ओटी भरलीस? मी म्हटलं, भरली. खोटं तर नव्हतं.

पुढे कोरोना आला, लेक डिग्री घेऊन परत आली, इंदूरला दवाखान्यात लागली. मालकीणबाईशी तिचं बोलणं चालूच होतं. आणि मग एका फेब्रुवारीत त्या शहरावर हल्ले सुरू झाले. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो आणि जेवायचं विसरलो. बाई ठीक होती. लेकीने तिला हजार वेळा सांगितलं, निघून ये, आमच्याकडे ये. ती म्हणायची, माझ्या कुंड्यांना पाणी कोण घालणार? शिवाय लिफ्ट बंद, सहाव्या मजल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याला तीच दूध आणून द्यायची. ती गेली तर तो काय करणार?

तेव्हा तिचा आणि लेकीचा एक करार झाला. रोज सकाळी तिने चहाच्या कपाचा फोटो पाठवायचा. निळी फुलं असलेला कप, मागे खिडकी, खिडकीत कुंड्या. कप आला म्हणजे बाई आहे. लेक तो फोटो आम्हाला पाठवायची, आम्ही धारला. सासूबाईंचा रोज फोन, "कप आला का?" त्यांनी ती बाई कधी पाहिली नव्हती, पण आमच्या घरून ओटी गेलेली बाई म्हणजे त्यांच्या हिशेबात ती त्यांची झाली होती. आल्या-गेल्याला त्या कप दाखवायच्या. वर्षं गेली, लढाई थांबेना आणि कपही थांबेना. कोणी विचारलं की मी सांगायचे, आमच्याकडे सकाळी वर्तमानपत्र नाही, कप येतो.

एका चैत्रात कप आला नाही.

त्या दिवशी धारला चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आम्ही गाडीत बसलो खरे, पण सगळ्यांचं लक्ष फोनकडे. बातम्यांमध्ये त्याच शहराचं नाव होतं. लेक मागे बसून फोन लावत होती, तिकडून नुसता आवाज येत होता की संपर्क होऊ शकत नाही. धारला घर बायकांनी भरलेलं, पन्ह्याचे पेले फिरताहेत, हरभऱ्यांच्या ओट्या भरल्या जाताहेत. मी आतल्या खोलीत गेले. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, समोर डाळीची वाटी तशीच होती.

"कप?"

मी मान हलवली. मागून हे आले. त्यांचा स्वतःवर ताबा राहिला नाही, ते बोलून गेले, "आई, एकटी विधवा बाई ती, नाही तिला नवरा, नाही मूलबाळ, कोण बघायला जाणार तिला?"

सासूबाईंनी वर पाहिलं. "विधवा?"

मी यांच्याकडे असं बघितलं की ते दारामागे सरकले. मग मीच सगळं सांगितलं. अंगठी, जाकीट, मासे पकडायच्या काठ्या. एक तर ती बाई जिवंत आहे की नाही कळत नव्हतं, आणि त्यात हे. बाहेर बायका हसत होत्या, कोणीतरी उखाणा घेत होतं.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "घेताना ती हसली होती ना?"

"हो."

"मग झालं. भरली ती भरली, आता काय काढून घ्यायची आहे?" मग त्यांनी डाळीची वाटी बाजूला सारली. "फोन लाव परत."

कप संध्याकाळी आला. निळ्या फुलांचा नव्हता, कागदाचा होता, आणि मागे लोक आसऱ्याला जातात त्या मेट्रो स्टेशनची फरशी दिसत होती. लेक ओसरीवरच रडायला लागली. मी तिला रागावले, बाई जिवंत आहे आणि तू रडतेस काय, आणि मग मीही रडले. मालकीणबाई ठीक होती. तिच्या घराच्या खिडक्या गेल्या होत्या, कुंड्या गेल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्याला त्याच्या मुलाने गावी नेलं होतं.

"मला तिच्याशी बोलायचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तोंड दिसतं ना, तसा लाव."

व्हिडिओवर ती दिसली. केस विस्कटलेले, पण लिपस्टिक होती. सासूबाईंनी चष्मा लावून तिला नीट पाहून घेतलं. मग लेकीला म्हणाल्या, "हिला सांग, बाई, तू या घरची ओटी घेतली आहेस. म्हणजे हे तुझं माहेर झालं. माहेर असताना लेक दगडमातीत बसून राहत नाही. थोडे दिवस का होईना, येऊन जा. मी म्हातारी आहे, मला वाट बघायला लावू नकोस."

लेकीने सांगितलं. ती बाई, जिने आमच्या हजार विनवण्या उडवून लावल्या होत्या, फोनच्या जवळ सरकली. मग तिने काहीतरी विचारलं.

"ती विचारते आहे, शेव मिळेल ना?"

थंडीत ती आली. आधी रेल्वेने सीमेपर्यंत, मग पोलंड, मग दिल्ली, मग इंदूर. व्हिसाची सगळी कटकट लेकीने निस्तरली. विमानतळावर तिने यांना मिठी मारली तेव्हा टॅक्सीवाला बघतच राहिला. "भिया, बहन आहे माझी," यांनी त्याला माळवी पद्धतीने भाऊ म्हणत सांगून टाकलं.

देवासमध्ये तिचे दिवस मजेत गेले. सकाळी पोहे-जिलबी, त्यावर शेव. सिटी बसमध्ये ती ड्रायव्हरमागे बसून त्याला खुणा करायची, आणि तो "हाँ अम्मा, हाँ अम्मा" म्हणायचा. टेकडीवर तिने यांना रोपवेने नेलं. यांनी या वेळी डोळे उघडे ठेवले, असं ते सांगतात. हाटपिपल्याच्या शेतात गव्हात उभी राहून तिने माती चोळली आणि मान डोलावली. यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी भूगोल काढला नाही.

एकदाच वाईट झालं. लग्नसराई होती, संध्याकाळी गल्लीतून वरात आली आणि पहिला फटाका फुटला. मालकीणबाई हातातली ताटली टाकून न्हाणीघरात गेली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. मी तिच्याजवळ बसले. हे बाहेर धावले. "भिया, हात जोडतो, आमच्याकडे लढाईतून आलेली बाई आहे. जरा पुढे जाऊन फोडा ना." वरातीतल्या पोरांनी फटाके खाली ठेवले. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. सगळी वरात आमच्या घरासमोरून गुपचूप गेली, फक्त घोडीच्या टापा वाजत होत्या. मालकीणबाई हळूहळू खिडकीशी आली आणि फेट्यातला नवरा बघून तिने त्याला हात हलवला. त्यानेही हलवला. या गावाचा मला फारसा अभिमान वगैरे वाटत नाही, धूळ फार आहे, पण त्या दिवशी वाटला.

आणि मग ती म्हणाली, मी परत जाते.

मी चिडले. चांगलीच चिडले. कशाला? कोण आहे तिथे? इथे काय कमी आहे? लेक भाषांतर करता करता थकली. मालकीणबाईचं एकच उत्तर होतं. खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत, आता काचा बसवायच्या आहेत, वसंतात कुंड्या लावायच्या आहेत. घर आहे तिथे. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच माझ्यासाठी शेपू घालून बटाटे घेऊन आली. मला हसू आलं आणि माझा राग गेला. भीती मात्र गेली नाही. ती अजून आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे धारला गेलो, सासूबाईंचा निरोप घ्यायला. वाटेत मालकीणबाईने बाजारात गाडी थांबवून लेकीला नारळ आणायला लावला. तिच्या पिशवीत तिच्या देशाचा लाल दोऱ्याने भरलेला कापडी पट्टा होता आणि माझ्याच डब्यातले गहू होते, मला न विचारता काढलेले. लेक माझ्या कानात म्हणाली, "आई, ती ओटी भरणार आहे तुझी. माहीत नाही असं दाखव."

मी माहीत नाही असं दाखवत ओसरीवर बसले. पदर नीट केला. मला फार बरं वाटत होतं. मालकीणबाईने देवघरातून करंडा घेतला, पिशवी घेतली, आणि माझ्यासमोरून सरळ आतल्या खोलीत गेली.

लेकीने तोंडावर हात ठेवला. मी उठून दारापर्यंत धावले, पण तोवर ती सासूबाईंच्या खाटेसमोर गुडघ्यांवर बसली होती. घरातली मोठी बाई ती, तिचीच भरायची, एवढं तिला कळत होतं. बाकीचं कोणी सांगितलं नव्हतं. तिने करंड्यात बोट बुडवलं आणि सासूबाईंच्या कपाळाकडे नेलं. धाकटी जाऊ माझ्यामागे येऊन उभी राहिली, तिचा श्वास मला ऐकू येत होता. सासूबाईंनी मान मागे घेतली नाही. कुंकू लागलं. मग मालकीणबाई गव्हाची पिशवी उघडून थांबली, आणि सासूबाईंनी पदर पसरला. इतक्या वर्षांनी पसरला, पण हाताला सवय होती.

नारळ, लाल नक्षीचं कापड, ओंजळीने गहू. सगळं घालून झालं आणि मालकीणबाईने सासूबाईंच्या पदरात हात घालून चिमूटभर गहू स्वतःच काढून घेतले. मी तिच्या घरी तसंच केलं होतं ना!

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "अगो, ते मी द्यायचं असतं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. तिची चिमूट त्यांनी सोडवली, तिचे दोन्ही तळवे जोडून ओंजळ करायला लावली. चार दाणे परत द्यायचे आणि बाकीचे ठेवायचे, अशी रीत. सासूबाईंनी पदरात चार दाणे ठेवले आणि बाकीचे सगळे गहू तिच्या ओंजळीत ओतले.

"घर तिचं रिकामं आहे," त्या मला म्हणाल्या. "मला एवढे पुरतात."